घोणस, काकी आणि वाळपईचा रस्ता

गेल्या काजूच्या हंगामात आमच्या काकीला घोणस चावली. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि अशा गोष्टींचं जे होतं तेच याही गोष्टीचं झालं. तिच्या तीन-चार आवृत्त्या आता फिरतायत. एकीत मी काकीला खांद्यावर टाकून डोंगर उतरलो. दुसरीत साप सात हात लांब होता. तिसरीत काका आधी देवळात गेले, सातेरीला गाऱ्हाणं घातलं आणि मगच गाडी हलली. यातलं काहीच झालं नाही. जे झालं ते बरंच साधं होतं, आणि कुणाच्या उपयोगी पडलं तर तेच पडेल, म्हणून लिहितोय.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्याचा इथे संबंध आहे. मी खाणीवर पोकलेन चालवायचो. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ धुगधुगी आली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. मी घरच्या काजूकडे वळलो. खाणीने मला फुप्फुसात धूळ दिली, थोडा पैसा दिला आणि आणखी एक गोष्ट दिली जिची त्या वेळी कुणालाच किंमत नव्हती. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण.

खाणीवर हे कायद्यानेच घ्यावं लागतं. वर सेफ्टी वीक आला की वेगवेगळ्या खाणींच्या टोळ्यांमध्ये स्पर्धा. मैदानावर एक धडधाकट माणूस आडवा पडलेला असायचा आणि त्याच्या शर्टाला टाचणीने चिठ्ठी लावलेली असायची: ‘उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे. शुद्धीवर आहे. घाबरला आहे.’ शिट्टी वाजली की आम्ही धावायचो. परीक्षक घड्याळ आणि कागद घेऊन डोक्यावर उभे. गाठ चुकली, मार्क कापा. जखमीशी बोललो नाही, मार्क कापा. आम्हाला तेव्हा तो नाटकाचाच प्रकार वाटायचा, आणि खरं सांगायचं तर बक्षिसात स्टीलचा डबा मिळायचा म्हणून आम्ही जायचो.

आमचे मास्तर मात्र ते फार गांभीर्याने घेत. सरावात एकदा कुणीतरी ओरडलं, “अरे, कोणीतरी रुग्णवाहिका बोलवा!” मास्तरांनी शिट्टी मारून सगळं थांबवलं. “हा कोणीतरी कुठे राहतो? पत्ता सांग मला त्याचा.” मग म्हणाले, दहा माणसं उभी असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. बोट दाखवा, नाव घ्या, एकच काम सांगा, आणि त्याच्याकडून ते उलट म्हणवून घ्या. हात थरथरला तर थरथरू दे, पण आवाज चढवू नका आणि उतरवूही नका.

त्याच मास्तरांनी सर्पदंशाचा धडाही शिकवला, तोही दोन वेळा. सुरुवातीला दंशाच्या वर दोरी आवळून बांधायची असं सांगितलं होतं. काही वर्षांनी म्हणाले, ते सगळं विसरा. घोणस किंवा फुरशाचं विष जागेवरच मांस कुजवतं, त्यात रक्त अडवून ठेवलं तर हातच जायचा. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. चावलेला भाग मोडलेल्या हाडासारखा बांधायचा, हलू द्यायचा नाही, आणि दवाखाना गाठायचा. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. ते अंगात मुरायला मात्र सेफ्टी वीकची ती सगळी वर्षं लागली, हे मला गेल्या एप्रिलमध्ये कळलं.

आता तो दिवस. काजूचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, आपोआप खाली पडतात, ते गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची. बी पिशवीत जाते, बोंडू डब्यात. डब्यातले कोळमीवर नेऊन तुडवतात, रस निघतो, तो भट्टीवर चढला की आधी उर्राक, मग फेणी. गोळा करायला टोकाला खिळा ठोकलेली काठी असते, बोंडू टोचून उचलायचा म्हणजे वाकावं लागत नाही आणि हातही पाल्यात जात नाही. काकी ती काठी वापरत नाही. तिचं म्हणणं, काठीने बोंडू फुटतो आणि रस मातीत जातो. तिच्या परीने ते खरंही आहे.

ती एका जांभ्या दगडापाशी वाकली होती. पाल्याखालून लांबलचक फूत्कार आला, शिट्टी होण्याआधी कुकरची वाफ सुटते तसा, आणि तिने हात मागे ओढला. “काहीतरी डसलं गो,” ती माझ्या बायकोला म्हणाली, अगदी सरळ आवाजात. अंगठ्याच्या मुळाशी दोन ठिपके, त्यातून रक्त. दगडाला चिकटून वेटोळं करून बसलेला जाड साप, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठसे. पळूनही जात नव्हता. घोणस बऱ्याचदा तशीच बसून राहते.

मग जे होतं ते झालं. काकीच्या धाकट्याने काठी उचलली आणि सापाच्या अंगावर निघाला. शेजारची मावशी डोक्याचं फडकं सोडून काकीच्या दंडाला बांधायला आली. कुणीतरी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावत होतं. पलीकडच्या बागेतले दोघे धावत आले आणि काय झालं, काय झालं म्हणून तेच तेच विचारत राहिले. काका म्हणाले, “पलीकडे नेऊया, वैद्याकडे.” सगळे एकाच वेळी काहीतरी करत होते, आणि त्यातलं काहीही काकीच्या उपयोगाचं नव्हतं.

मी ओरडलो नाही. मला आठवतंय ते इतकंच, की धाकट्याची बाही धरली आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणालो, “काठी टाक. आहेस तिथूनच मोबाइलवर फोटो काढ. मग धावत रस्त्यावर जा आणि बोंडवांची पिकअप थांबव. काय करणार आहेस?” तो म्हणाला, “फोटो, मग पिकअप.” आणि गेला. बायकोला सांगितलं, “वरच्या कातळावर रेंज येते. १०८ ला फोन कर. सांग, घोणस चावली आहे, आम्ही पिकअपने वाळपईकडे निघतोय, वाटेत गाठा.” तिनेही उलट म्हणून दाखवलं. न सांगता. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर तेवढं होतंच. मावशीला म्हणालो, “ते फडकं मला द्या, मला झोळीला हवंय.” बांधू नका म्हणालो असतो तर वाद झाला असता. फडकं मागितल्यावर तिने ते लगेच दिलं.

लोक याला धाडस म्हणतात तेव्हा मला हसू येतं. धाडस करायला आधी विचार करावा लागतो, आणि विचार करण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. काय करायचं आणि काय नाही, हे मैदानात शिट्ट्या खाऊन कधीच ठरलेलं होतं. उरला होता तो फक्त माणसांचा प्रश्न, आणि खरी कसोटी तिथेच लागली.

पहिली काकी. तिच्या उजव्या हातात डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या आणि पुढेमागे सोन्याच्या पाटल्या. हात सुजायला लागला की हे सगळं मांसात रुतणार आणि रक्त अडवणार. पाटल्या सैल होत्या, त्या निघाल्या. बांगड्या निघेनात, काकणकाराने तशाच घट्ट भरल्या होत्या. तेल नाही, साबण नाही. “काकी, बांगड्या वाढवाव्या लागतील.” तिने पहिल्यांदाच माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. “तुझा काका समोर उभा आहे, आणि तू माझ्या बांगड्या वाढवतोस?” मी म्हणालो, “काकाच वाढवतील.” आणि काकांना खाली बसवलं. झोळीच्या फडक्याचा एक पदर बांगड्यांखाली मनगटावर गुंडाळला, दुसरा वरून टाकला, आणि काकांना सांगितलं, चिमटीत धरून एकेक दाबा, ओढू नका. काचा फडक्यात पडत गेल्या. एकही ओरखडा उठला नाही. काकांचे हात भट्टीवर काम करून दगडासारखे झालेत, पण त्यांनी ते काम सोनाराच्या हाताने केलं. त्या मिनिटभरात वैद्याचं नावसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी ते ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण हातात काम आलं की माणूस भानावर येतो, हे खरं.

बांगड्या संपल्यावर मात्र ते पुन्हा उठले. “बाबांना त्यानेच वाचवलं होतं. पाला चोळला आणि विष उतरलं.” आता यावर मी भाषण देऊ शकलो असतो. चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, विषारी सापही काही वेळा विष न सोडताच चावतो, मग पाला लावा नाहीतर लावू नका, माणूस बरा होतो आणि श्रेय पाल्याला जातं. पण चुलत्याला त्याच्या बायकोच्या जिवाची काळजी वाटत असताना त्याच्याशी वाद घालून जिंकण्यात काही मिळत नाही, उलट वेळ जातो. मी म्हणालो, “काका, वैद्यांना फोन करून थेट वाळपईला बोलवा. गाडीत जागा नाही, तिथेच भेटतील.” काकांनी लगेच फोन काढला. मावशीने कुठूनसा अंगारा आणून काकीच्या कपाळाला लावला. लावू दिला. त्याला वेळ लागत नव्हता आणि काकी त्याने जरा शांत झाली.

काजूची काठी गुडघ्यावर मोडून दोन तुकडे केले, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत दोन्ही बाजूंनी लावले, माझ्या पंचाने बांधले, सैलसर, आत बोट जाईल इतपत. मावशीच्या फडक्यातल्या काचा झटकून त्याची झोळी केली आणि हात छातीशी बसवला. काकीला चालू दिलं नाही. पलीकडच्या बागेतून आलेल्या त्या दोघांना आता विचारायला काही उरलं नव्हतं, त्यांना एकमेकांची मनगटं धरायला लावून पाळणा केला आणि तिला उताराने रस्त्यापर्यंत नेलं. खांद्यावर टाकून वगैरे काही नाही.

पिकअप बोंडवांनी भरलेली होती. ड्रायव्हर भला माणूस, माल उतरवू का म्हणून विचारत होता. नको म्हटलं, केबिनमध्ये तिघे बसू. त्याच्या खिशात वजनं लिहायचं बॉलपेन होतं. ते घेतलं आणि काकीच्या हातावर सूज जिथवर आली होती तिथे आडवी रेघ ओढून बाजूला वेळ लिहिली. पुढे रस्त्यात दोनदा तसंच केलं. रेघा मनगटाकडून कोपराकडे सरकत होत्या. तिला उलटी झाली तेव्हा कुशीवर वळवून धरलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते तिला सांगितलं नाही, ओढणीने पुसत राहिलो. ती मध्येच म्हणाली, “आजचे बोंडू कोळमीवर तसेच आहेत रे, उद्यापर्यंत आंबतील.” मी म्हटलं, आंबू दे.

मुख्य रस्त्याला लागल्यावर समोरून १०८ आली. तिच्यातल्या मुलाने दार उघडता उघडता विचारलं, आणि माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. कधी चावलं, कुठे, कोणता साप, नंतर काय काय झालं, कुठल्या गोळ्या चालू आहेत (रक्तदाबाची, सकाळची), पोटात काय गेलं आहे. तोंडी परीक्षेतसुद्धा मी कधी इतका नीट बोललो नव्हतो. त्याने वाळपईच्या आरोग्य केंद्राला पुढे कळवलं.

तिथली डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. तिला बघून काकांचा चेहरा पडला, हे मी पाहिलं. तिनेही पाहिलं असणार. तिने आधी धाकट्याने पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. घाटातल्या चापड्यांवर ती चालत नाही, म्हणून फोटोचा उपयोग. साप मारून पिशवीत घालून आणायची मुळीच गरज नसते, त्यात आणखी एकजण चावून घेतो. तिने माझ्या रेघा बघितल्या, टेपने दंडाचा घेर मोजला, पापण्या वर उचलायला लावल्या, लघवी तपासायला पाठवली. मग काकीचं दोन मिलिलिटर रक्त एका कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि सांगितलं, हिला कुणी हात लावायचा नाही. २० मिनिटं.

काका भडकले. “वीस मिनिटं? बाई, इथवर आम्ही जीव मुठीत धरून आलो आणि तुम्ही रक्त बघत बसणार?” ती काकीची सलाइन लावत होती, मान न उचलता म्हणाली, “काका, ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते. कुणाकुणाला तिचीच रिअॅक्शन येते. गरज आहे हे कळल्याशिवाय मी देणार नाही, आणि गरज आहे हे कळलं की एक मिनिट थांबणार नाही. या खुर्चीवर बसा आणि घड्याळ तुम्ही बघा.” पुन्हा तेच, हातात काम दिलं. मास्तरांनी तिला पूर्ण मार्क दिले असते.

त्या २० मिनिटांत मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. ती एकदाही धावली नाही. लशीच्या १० कुप्या काढून ठेवून झाल्या, रिअॅक्शन आलीच तर द्यायचं अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवून झालं, ऑक्सिजन बघून झाला, गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, फोन करून झाला. २० मिनिटं झाल्यावर काकांनीच सांगितलं. तिने नळी हलकेच तिरकी केली. रक्त गोठायला हवं होतं. ते सरळ काठाशी घसरत आलं. “द्या,” ती सिस्टरला म्हणाली.

कुपीत पांढरी भुकटी असते. सिस्टर प्रत्येकीत १० मिलिलिटर पाणी सोडून ती तळहातांमध्ये अलगद फिरवत होती. मी म्हटलं, हलवून पटकन नाही का होणार? तर म्हणाली, हलवलं की फेस येतो, मग औषध वाया जातं. दहाच्या दहा तशा फिरवल्या. बाटली लावून थोडा वेळ गेला आणि काकी अंग खाजवायला लागली, मग थंडी भरली, छाती घुरघुरू लागली. डॉक्टरने बाटली बंद केली, उशाशी ठेवलेलं अॅड्रेनलिन मांडीत दिलं, वाट बघितली, सगळं ओसरल्यावर बाटली पुन्हा हळू चालू केली. हे सगळं इतक्या सहज झालं, की बाहेर बसलेल्या काकांना कळलंही नाही.

वैद्य तोवर स्कूटरवरून येऊन पोचले होते. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, हातात पिशवी. मला वाटलं आता पुन्हा रामायण. त्यांनी फोटो बघितला आणि काकांना म्हणाले, “घोणस असली तर मी हात लावत नाही. माझ्याकडे आला असतात तरी इथेच पाठवलं असतं.” आणि निमूट काकांच्या शेजारी बसून राहिले. माझ्या डोक्यात त्यांचं जे चित्र होतं ते त्या बाकावर बरंच पुसलं गेलं.

गोमेकॉला नेलं ते मूत्रपिंडांसाठी. घोणशीच्या विषाने ती बंद पडू शकतात, आणि तशी वेळ आली तर डायलिसिस लागतं. होंडा, साखळी, आमोण्याचा पूल, बाणस्तारी, जुने गोवे. रुग्णवाहिकेच्या मागच्या काचेतून तो रस्ता उलटा बघत गेलो. सहा तासांनी पुन्हा तीच काचेची नळी. रक्त अजून गोठेना, आणखी १० कुप्या. त्यानंतरच्या तपासणीत नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. तोपर्यंत रात्र उतरणीला लागली होती, आणि सकाळी गेटबाहेर मी पातळभाजी-पाव इतका खाल्ला की गाडेवाल्याने विचारलं, घरचं कोण आत आहे का.

पुढचे दिवस लघवी मोजण्यात गेले. पिशवीवरचे आकडे वहीत लिहायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की ते वाढतं) चढलं, दोन दिवस आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, मग उतरायला लागलं. डायलिसिसपर्यंत गेलं नाही. अंगठ्याजवळची कातडी काळी पडून गळाली, ती भरून यायला पावसाळा उजाडला.

वॉर्डाबाहेर बसल्या बसल्या मोबाइलवर बरंच वाचलं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असा. लशीसाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था काढते, १९७८ पासूनची. काकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे माझ्या अंगात आता साप पण आहे, घोडा पण आहे आणि मद्रासची माणसं पण. बरी होत असल्याची ती पहिली खूण.

कोळमीवरचे बोंडू आंबले नाहीत. पलीकडच्या बागेतल्या त्या दोघांनी आणि मावशीने संध्याकाळी तुडवून रस भट्टीवर पोचवला होता. पिकअपवाला पैसे घ्यायला तयार नव्हता, त्याला काकांनी हंगामाच्या शेवटी फेणीची बाटली दिली, ती त्याने घेतली. काकी आता काठी वापरते, बोंडू फुटले तरी. हातमोजे आणले होते, ते तिने एका दिवसात मांजराला झोपायला दिले.

यंदा हंगामाआधी एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सराव ठेवला. मला वाटलं होतं चार टाळकी येतील, पण बऱ्यापैकी गर्दी झाली, बायका जास्त. आरोग्य केंद्राची एक सिस्टर आली होती, ती बाकीचं सांगणार होती. जखमी व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा काका स्वतः चटईवर आडवे झाले. मी त्यांच्या शर्टाला चिठ्ठी टाचली: ‘उजव्या हाताला घोणस चावली आहे. शुद्धीवर आहे. घाबरला आहे.’ त्यांनी ती वाचली आणि शेवटचं वाक्य खोडायला लावलं. मी शिट्टी मारली. धाकटा पुढे आला, हात धरला, काठीचे तुकडे लावून पंचा गुंडाळायला लागला.

काका डोळे मिटूनच म्हणाले, “काठी कोपराच्या वर जाऊ दे. आणि बांगड्या आधी काढायच्या असतात ना?”

“बाबा, तुमच्या हातात कुठे बांगड्या आहेत?”

“मग घड्याळ काढ.”